कपबशीची टिप

दाताने लोखंड कापलेला माणूस मी एकच पाहिला. तोही रागाच्या भरात किंवा पैजेपायी नव्हे. जेवणाच्या सुट्टीत, डबा धुऊन झाल्यावर, शांतपणे.

सुपडू महाजन हे त्यांचं नाव. सुरतेजवळ भेस्तानला ज्या वर्कशॉपमध्ये मी नोकरी करते, तिथे ते टर्नर होते. कापडाच्या मशीनला लागणारे रोलर आणि शाफ्ट आम्ही बनवतो. त्यांनी लेथवर कापायचं आणि मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर मोजायचं, अशी आमची विभागणी. नवऱ्याची बँकेतली बदली मला नाशिकहून सुरतेला घेऊन आली आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा घरात पडून गंजू नये म्हणून मी इथे लागले. अख्ख्या शॉपमध्ये मी ‘मॅडम’ होते. सुपडूकाकांची मात्र पहिल्या दिवसापासून ‘ताई’.

नावाबद्दल कुणी हसलं तर ते आपण होऊन खुलासा करत. आधीची दोन भावंडं वाचली नाहीत, म्हणून हे जन्मल्याबरोबर आईने यांना सुपात घातलं. हे पाखडून बाजूला काढलेलं आहे, असं देवाला वाटावं आणि त्याने लक्ष घालू नये, असा त्यामागचा हिशेब. “चाळणीत नाही घातलं ते बरं,” काका म्हणत, “खाली पडलो असतो.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. समोरच्याने हसावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पारोळ्याकडचं गाव सोडून ते तरुणपणी सुरतेला आले, लिंबायतला राहिले आणि या लेथवर उभे राहिले ते राहिलेच. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा चकात, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, धरून फिरवायचा आणि धारदार टिपेने तो सोलायचा, एवढीच गोष्ट. पण त्या लेथच्या बेडवर, म्हणजे टिप ज्याच्यावरून सरकते त्या पाटावर, कुणी चहाचा ग्लास ठेवला तर काका ओरडत नसत. ग्लास उचलत, चहा स्वतः पिऊन टाकत आणि रिकामा ग्लास ज्याचा त्याला परत देत. दोनदा असं झालं की माणूस आयुष्यभरासाठी सुधारे. शेठशी ते गुजरातीत बोलत, हमालांशी हिंदीत, माझ्याशी मराठीत. आणि अहिराणीत फक्त दोघींशी, बायकोशी आणि मशीनशी. “काय व्हयनं तुले आज?” असं ऐकू आलं की गिअर कुरकुरतोय असं समजायचं. काकू एकदा मला म्हणाल्या, “दोघींशी सारखंच बोलतात, पण ऐकतात तिचं.”

तर दात.

काकांच्या उजव्या दाढेवर डॉक्टरने सिरॅमिकची टोपी बसवली होती. ज्या लॅबमध्ये ती तयार झाली, तिथला भूपेंद्र नावाचा माणूस बोलता बोलता म्हणाला, “काका, ही लोखंडापेक्षा कडक असते.” दुसऱ्या कुणी मान डोलावली असती. काका सहा महिने त्यावर विचार करत राहिले. पुढे एक दिवस चिक्की खाताना टोपी निघाली. चारचौघांसारखा माणूस डॉक्टरकडे गेला असता. काकांनी ती धुतली, कागदात गुंडाळली आणि कारखान्यात आणली. तांब्याच्या पट्टीत धरून टूल पोस्टला, जिथे टिप बसवतात तिथे, लावली, चकात साधी सळई बांधली आणि मशीन चालू केलं. टोपीने तीन सेकंद लोखंड कापलं. मग तिचे दोन तुकडे झाले.

“कापलं,” काका म्हणाले. त्यांनी सळईवरून निघालेली केसासारखी चिप उचलून माझ्या हातावर ठेवली. “आतून पोकळ होती म्हणून फुटली. भरीव पाहिजे.”

“आणि दाढेचं काय?”

“डावीकडून जेवता येतं ना.”

त्यांनी नवी टोपी कधीच बसवली नाही.

ही सगळी हौस म्हणून राहिली असती. पण त्याच सुमारास आमच्या शेठनी, म्हणजे जयसुखभाईंनी, कॉम्प्युटरवर चालणारं नवीन सीएनसी मशीन घ्यायचं ठरवलं. कारण सरळ होतं. आमचे रोलर आधी कापून, मग भट्टीत टाकून कडक करावे लागत. एकदा कडक झाले की आमच्या टिपा त्यांच्यावर चालत नसत. मग घासायला बाहेर पाठवायचे आणि तिथे हप्ता-हप्ता वाट बघायची. नवीन मशीन कडक रोलर सरळ कापणार होतं. आणि ते ठेवायला शॉपमध्ये एकच जागा होती, काकांच्या लेथची. लेथ गेलं तर काकाही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. शेठ त्यांना काढणार नव्हते. काकाच राहणार नव्हते.

काका शेठच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, कडक रोलर मी माझ्या लेथवर कापून देतो, टिप मी बनवतो, सिरॅमिकची. शेठनी आधी मान वर केली, मग चष्मा वर केला. “सुपडूभाई, ए तो कप-रकाबी छे. एनाथी लोखंड कपाय?”

“कपाय,” काका म्हणाले. “दाताने कापून पाहिलंय.”

शेठनी चष्मा खाली केला आणि मुदत दिली. उत्तरायणपर्यंत. पतंग उडायच्या आत एक कडक रोलर या लेथवर मापात उतरला तर लेथ राहील, नाहीतर नवीन मशीन येईल. त्या दिवसापासून शॉपमध्ये त्या टिपेचं नाव ‘कपबशी’ पडलं. काकांनी ते मनाला लावून घेतलं नाही. पुढे तेच म्हणायला लागले, “ताई, आज तीन कपबश्या टाकल्यात भट्टीत.”

बनवायची पद्धत त्यांनी स्वतः शोधली. पांढरी अॅल्युमिना पावडर, त्यात भूपेंद्रच्या लॅबमधला दातांचा उरलेला भुगा, आणि ते धरून ठेवायला सुताला लावतात ती खळ. खळ लिंबायतमध्ये मागाल तितकी मिळते. हे मिश्रण स्वतः कापलेल्या साच्यात भरायचं आणि बेअरिंग बसवायच्या प्रेसखाली दाबायचं. निघालेली वडी खडूसारखी, नखाने खरवडली जाईल अशी. मग ती सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात, भूपेंद्रच्या लॅबच्या भट्टीत, लोकांच्या दाढांच्या रांगेत बसायची. तिथून निघाली की चिमटीत मावेल एवढी पण दगडाला भारी. पहिल्या टिपा आकसून इतक्या लहान झाल्या की होल्डरमध्ये खुळखुळल्या. काकांनी साचा मोठा केला. “भट्टीतून निघालेलं सगळं लहान होतं,” ते म्हणाले, आणि मला वाटलं आता काहीतरी आयुष्याबद्दल येणार. “पाचात एक भाग,” ते म्हणाले.

एकदा पुड्यांची अदलाबदल झाली. आमच्याकडे कुणाची तरी दाढ आली आणि अठ्ठावीस नंबरची टिप एका डेंटिस्टच्या ट्रेमध्ये पोहोचली. तिथे ती पेशंटला लावून पाहिली गेली की नाही, ते कळलं नाही. काकांनी दाढ हातात घेतली, उजेडात फिरवली, माझ्या मायक्रोमीटरने मोजली. आता ही पण टूल पोस्टला लागते, असं मी धरून चालले. पण त्यांनी ती रुमालात बांधली आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. “कुणीतरी वरण-भातावर असेल ताई,” म्हणाले आणि रिक्षाने पर्वत पाटियाला जाऊन स्वतः देऊन आले. भूपेंद्र म्हणे त्यांना दोनदा सॉरी म्हणाला. काकांनी त्याच्याकडे गेलेल्या टिपेची पावती मागितली.

प्रत्येक टिपेची परीक्षा ठरलेली. कडक केलेला एक जुना तुकडा चकात धरायचा, मशीन पळवायचं, टिप लावायची आणि ती मरेपर्यंत थांबायचं. ‘मरणं’ हा त्यांचाच शब्द. शाळेच्या वहीत रकाने आखले होते: नंबर, किती वेळ चालली, कशाने गेली, आणि शेवटचा रकाना ‘स्वभाव’. मी ती वही खूपदा वाचली आहे. “चौदा. दीड मिनिट. कोपरा गेला. तापट.” “एकोणीस. लावताच गेली. भित्री.” “तेहेतीस. चार मिनिटं. मधून चिरली. शांत होती, कळलं नाही.” नऊ नंबरचा तुकडा उडाला तो भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये घुसला. काकांनी जवळ जाऊन पाहिलं. “गुरुवारात गेला,” म्हणाले आणि त्या दुपारी लेथला पत्र्याची आडोशाची ढाल बसवली. तो गुरुवार उजाडला तेव्हा आमचे दोन कामगार आलेच नाहीत.

खरी अडचण टिपेत नव्हतीच, हे कळायला आम्हाला चाळीस टिपा लागल्या.

साधी टिप लोखंड कापताना तापते. मग टर्नर नळ फिरवतो आणि कूलंट, म्हणजे तेल मिसळलेलं दुधाळ पाणी, त्यावर सोडतो. सिरॅमिकचं उलट. तिला कितीही तापू दिलं तरी चालतं. चिप लालभडक होऊन पडली तरी ती हसत असते. पण त्या तापलेल्या अंगावर पाण्याचा थेंब पडला की तडकन चिरते. हे काकांना ठाऊक होतं. दिवसातून दहा वेळा ते मला सांगत. पण चिप लाल झाली की त्यांचा डावा हात आपोआप नळाकडे जायचा. जन्मभर मशीन तापलं की पाणी द्यायचं, हे त्या हाताला माहीत होतं. आपलं माणूस उन्हातून आलं की आपण विचार करतो का, पाणी द्यावं की नको?

“काय करस रे,” असं स्वतःच्याच हाताला म्हणताना मी त्यांना ऐकलंय. तोपर्यंत टिप गेलेली असायची. त्यांनी नळ सुतळीने बांधला. गाठ त्यांनीच मारलेली, त्यामुळे हाताला ती सोडवायला वेळ लागला नाही. मग टाकी रिकामी केली. तर हात तेलाच्या कुपीकडे गेला. कुपी लपवली, हात ओल्या फडक्याकडे गेला. एकावन्न नंबरपुढे वहीत नोंद आहे: “सहा मिनिटं. टिप चांगली. मी मारली.”

उत्तरायणच्या दोन दिवस आधी शेठ चकचकीत बूट घालून शॉपमध्ये आले. खरा रोलर चकात लागला. एकसष्ट नंबरची टिप. काम थांबवून सगळे भोवती जमले. चिप लाल निघाली, सरळ, सारखी, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की कडक लोखंड साबणासारखं उतरतंय. शेठच्या तोंडून “वाह” निघालं. त्याच वेळी काकांचा डावा हात उठला, शेजारच्या मशीनवरची कूलंटची बाटली त्याने शोधून काढली, आणि पिचकारी मारली.

टक् असा बारीक आवाज झाला. काकांनी मशीन बंद केलं.

“टिपेचा दोष नाही शेठ,” ते म्हणाले. “हाताचा आहे. एक टिप बाकी आहे. जेवणानंतर परत करतो.”

शेठ भला माणूस. ते हो म्हणाले.

जेवायच्या सुट्टीत काका डबा न उघडता माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले. मग म्हणाले, “ताई, एक काम होतं. माझा हात धरून ठेवाल का?”

मी हातातला डबा खाली ठेवला.

“डावा. कट संपेपर्यंत. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण ते हसतील, मग मी पण हसेन, आणि टिपेच्या चालीवरचं लक्ष जाईल. तुम्ही हसणार नाही.”

एवढा मोठा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकलेला नाही. दोन वाजता अख्ख्या शॉपसमोर, शेठसमोर, मी पत्र्याच्या ढालीआड काकांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांचा पंजा धरला. हात कसला, कानसच ती. कुणी हसलं नाही. मशीन चालू झालं. बासष्ट नंबर लागला. चिप लाल झाली आणि तो हात माझ्या हातांत ओढ घेऊ लागला. मी धरून ठेवला. काका रोलरकडे बघत होते. आपल्या हाताचं काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. मधे एकदा ओढ थांबली. शेवटी, टिप चकाजवळ आली तेव्हा, त्याने असा हिसका दिला की मी पुढे गेले. तरी सोडला नाही. कट संपला. टिप अखंड होती. तिच्या कोपऱ्यालाही काही झालं नव्हतं.

पोरं ओरडली. शेठनी टाळ्या वाजवल्या. रोलर आरशासारखा झळकत होता. तो गार झाल्यावर माझ्या टेबलावर आला.

या टोकाला माप बरोबर. मधे बरोबर. चकाच्या बाजूला मिलिमीटरचे तीन शतांश जाड. दोनपर्यंत चाललं असतं. मी मायक्रोमीटर पुसला, परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. खरं सांगते, दोन म्हणून टाकावं असं माझ्या मनात आलं. कुणीही तपासणार नव्हतं.

“काय आलं ते सांगा ताई,” काका म्हणाले. “कमी करू नका.”

“तीन.”

 ते लेथजवळ गेले, चकापाशी बेडवर बोट फिरवलं, आणि परत येऊन शेठना म्हणाले, “बेड घासलाय. तिथे टिप धरणारं सॅडल बसतं खाली. साध्या कामात तिथे आलं की मी डावा तळवा टेकवून सॅडल रोलरकडे रेटतो, म्हणून माप येतं. आज टेकवला नाही.”

इतकी वर्षं त्या मशीनचं माप तो हात सांभाळत होता आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता. त्या शेवटच्या हिसक्याला तो पाणी द्यायला नव्हता निघाला. आणि मी तो धरून ठेवला होता. मला रडू फुटलं. शॉपमध्ये रडायची सोय नसते, म्हणून मी बराच वेळ रोलर पुसत बसले.

“परत एकदा करा,” मी नंतर काकांना म्हटलं. “टिप शाबूत आहे. आता मी हात सोडते.”

“सोडला तर पाणी मारेल, धरला तर माप जाईल,” ते म्हणाले. “आता त्याला काय काय सांगणार?”

शेठनी मनापासून सांगितलं, “टिप पास छे, सुपडूभाई. नवी मशीन पर तमे टिप बनावो.” टिपा बनवायच्या, खुर्चीवर बसायचं, पगार तोच. काकांनी हात जोडले. “शेठ, मी टर्नर आहे,” म्हणाले. वहीत त्या दिवशीची नोंद मी नंतर वाचली. “बासष्ट. पूर्ण. गुणी.”

उत्तरायणनंतरच्या सोमवारी अकराच्या सुमारास भंगारवाल्याचा टेम्पो आला. गेटमधून काहीही बाहेर जायचं तर आमच्याकडे पास लागतो, आणि मालाची स्थिती लिहून सही करायची ती इन्स्पेक्शनने. मी वर्णनात ‘लेथ, एक नग’ लिहिलं. स्थितीपाशी पेन थांबलं. भंगारवाल्याचा माणूस खांद्यावरून डोकावून म्हणाला, “मॅडम, स्क्रॅप लिख दो ना.”

“चालू आहे,” काका म्हणाले.

“काका, उससे क्या फरक पडता है?”

“ताई, तुम्ही तपासा.”

त्यांनी मशीन चालू केलं. सगळे गिअर एक-एक करून दाखवले, पुढे, मागे, हळू, जोरात. मी इन्स्पेक्टरसारखी उभी राहून तपासलं. मग त्यांनी स्वतःच मेन स्विच खाली ओढला. मी ‘चालू’ लिहिलं. खालच्या ओळीत दोन चौकोन असतात, ‘परत येणार’ आणि ‘परत न येणार’. दुसऱ्यावर खूण केली.

मशीन चढवून झालं तसे काका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. उतरवताना चुकीच्या ठिकाणी दोर लावतील, चक फिरवणाऱ्या स्पिंडलला धक्का बसेल, म्हणून आपण गेलेलं बरं, असं त्यांनी ड्रायव्हरला समजावून सांगितलं. गेटवर वॉचमनने टेम्पो अडवला. “मशीन का पास है. आदमी का?” शिफ्टमध्ये माणूस बाहेर जायचा तरी पास लागतो. काकांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी पळत गेले आणि त्याच पासावर, लेथच्या खाली, लिहिलं: ‘सोबत सुपडू महाजन, एक’. आणि त्यांच्यापुढे पहिल्या चौकोनात खूण केली.

काकांनी वाचलं.  टेम्पो लिंबायतच्या दिशेला वळला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी मी फोन केला. मागे भंगाराचे पत्रे आपटल्याचा आवाज येत होता. “पासावर चालू लिहिलंय ना ताई, म्हणून तोडत नाहीत, गिऱ्हाईक बघतायत,” काका म्हणाले. “पण ह्यांना चालवून दाखवता येत नाही. मी रोज येतो इथे. हे कुणी नेलं की मग येतो तिकडे.”

महिन्याच्या शेवटी स्टोअरवाला परत न आलेल्या मालाची यादी घेऊन माझ्या टेबलाशी येतो. दोन ड्रिलमशीन, एक मोटर, आणि खाली सुपडू महाजन, एक. दर वेळी तो विचारतो, मॅडम, ही ओळ बंद करू का? मी नको म्हणते.